सेप्सिसमध्ये कोलेस्टेरॉल ८२ आलं. आता गोळी कायमची बंद करायची का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, जुना मधुमेह. लघवीच्या इन्फेक्शनमधून जंतू रक्तात गेले, ब्लड कल्चरमध्ये ई. कोलाय वाढला, बीपी पडलं, म्हणजे सेप्सिस झाला (इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेतून अवयव बिघडणं), आयसीयूत पाच दिवस व्हेंटिलेटर लागला. आता घरी आहेत, हळूहळू चालतात. फाइल चाळताना तुम्हाला चौथ्या दिवशीचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, दिसलं. एकूण कोलेस्टेरॉल ८२, एचडीएल ९, ट्रायग्लिसराइड ३१०, एलडीएल ११. (एचडीएल आणि एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी.) सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत हेच आकडे अनुक्रमे १९८, ४१, १६० आणि १२५ होते. अॅटोर्वास्टॅटिन २० (कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी) चालू होती, ती अॅडमिट असताना बंद झाली आणि डिस्चार्ज कार्डावर तिचा उल्लेखच नाही. काका म्हणतात, गोळीने कोलेस्टेरॉल नको तितकं उतरवलं, त्यातून प्रतिकारशक्ती गेली आणि हे सगळं झालं. मावशी म्हणतात, अंगात स्निग्धपणा उरलेला नाही, रोज चमचाभर साजूक तूप द्या. तुमचा प्रश्न, की ८२ म्हणजे चांगलंच झालं, मग गोळी हवी कशाला?

तिघांची मतं तीन दिशांना असली तरी तिघंही एक गोष्ट धरून चालले आहेत: हा रिपोर्ट वडिलांच्या कोलेस्टेरॉलबद्दल काही सांगतो. तो तसं काही सांगत नाही. तो त्या चौथ्या दिवशी ते किती आजारी होते एवढंच सांगतो. रक्तातलं इन्फेक्शन जोरात असताना काढलेल्या लिपिड प्रोफाइलवरून गोळी बंद करणं, चालू करणं किंवा जेवण ठरवणं, यातलं काहीच करू नये. हे असं का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण "त्याकडे लक्ष देऊ नका" एवढंच उत्तर तुम्हाला हॉस्पिटलात मिळालं आणि त्याने समाधान झालेलं नाही. होणारही नाही.

आधी मर्यादा सांगतो. मी बरीच वर्षं मोठ्यांच्या आयसीयूत काम करतो, पण तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही. काही गोष्टी मला तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत: त्यांना कधी हार्ट अॅटॅक, स्टेंट किंवा पॅरालिसिस झालाय का, लिव्हरच्या तपासण्या किती बिघडल्या होत्या, क्रिएटिनिन आता किती आहे, घरी कोणती अँटिबायोटिक चालू आहे. गोळी नेमकी कधी सुरू करायची हे या चार उत्तरांवर ठरतं. बाकीचा भाग मात्र जवळपास प्रत्येक सेप्सिसच्या रुग्णाला लागू पडतो.

गंभीर इन्फेक्शनमध्ये एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एचडीएल खाली येतात आणि ट्रायग्लिसराइड बहुतेक वेळा वर जातात. हे ई. कोलायमध्ये होतं, स्टॅफिलोकॉकसमध्ये होतं, मलेरियात होतं, कोविडमध्येही झालं. एचडीएल तर पहिल्या काही दिवसांतच निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. तुमच्या वडिलांचं ४१ वरून ९ ही टोकाची घसरण आहे, पण बीपी उचलणाऱ्या औषधांवर असलेल्या रुग्णात मला ती अनोळखी वाटत नाही.

जेवण बंद आहे म्हणून कोलेस्टेरॉल उतरलं, असं अनेकांना वाटतं. चार दिवसांच्या उपाशीपणाने एचडीएल ९ वर येत नाही. घसरणीमागे तीन-चार गोष्टी एकाच वेळी चालू असतात. जंतूंची चाहूल लागली की पांढऱ्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे संदेश सोडतात. लिव्हर त्या संदेशांवर आपलं नेहमीचं काम बाजूला ठेवतं. अल्ब्युमिन कमी बनवतं, एचडीएलचा मुख्य सांगाडा असलेलं एपो-ए-१ हे प्रथिन कमी बनवतं, आणि सीआरपी, सीरम अॅमिलॉइड ए अशी आणीबाणीची प्रथिनं भराभर बनवायला घेतं. यातलं सीरम अॅमिलॉइड ए हजार पटीपर्यंत वाढू शकतं आणि ते जाऊन एचडीएलच्या कणावर एपो-ए-१ च्या जागी बसतं. असा कण रक्तातून लवकर काढून टाकला जातो. म्हणजे एचडीएल नुसतं कमी होत नाही, जे उरतं तेही आधीसारखं काम करत नाही. शिवाय रक्तवाहिन्या गळक्या होतात, त्यातून कण बाहेर पडतात. आणि बीपी उचलायला आपण पहिल्या तीन तासांत किलोमागे तीस मिलिलिटर सलाईन देतो, साठ किलोच्या माणसाला जवळपास दोन लिटर. त्याने रक्त पातळ होऊन सगळेच आकडे थोडे उतरतात. वडिलांचा त्याच दिवसाचा अल्ब्युमिनचा आकडा फाइलमध्ये असेल तर बघा. तोही पडलेलाच असेल, आणि त्यासाठी कोणी गोळीला दोष देणार नाही.

आता यातला मला स्वतःला सर्वांत आवडणारा भाग. ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन हे विष असतं (ग्रॅम निगेटिव्ह आणि ग्रॅम पॉझिटिव्ह हे जंतूंचे आवरणावरून पाडलेले दोन गट). सेप्सिसमध्ये बीपी पाडणारी, किडनी बंद पाडणारी जी प्रतिक्रिया उसळते, ती बऱ्याच अंशी याच्यामुळे. या एंडोटॉक्सिनचं एक टोक स्वतःच चरबीचं आहे. त्यामुळे रक्तात एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएलचे (ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे) कण भेटले की ते त्यांना चिकटतं, आणि चिकटलेलं एंडोटॉक्सिन पेशींना तितकंसं भडकवू शकत नाही. मग लिव्हर ते कण उचलतं आणि विषाची विल्हेवाट लावतं. ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंच्या आवरणातलं लायपोटायकॉइक अॅसिडही असंच या कणांना चिकटतं. म्हणजे ज्याला आपण फक्त हृदयाच्या संदर्भात "चांगलं" आणि "वाईट" कोलेस्टेरॉल म्हणतो, त्या कणांना इन्फेक्शनमध्ये वेगळंच काम असतं. कोलेस्टेरॉलचा आणखी एक उपयोग म्हणजे अॅड्रिनल ग्रंथी त्यापासूनच कॉर्टिसॉल बनवतात, आणि सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने बीपी धोकादायक पडतं तेव्हा, कॉर्टिसॉलची गरज वाढलेली असते. बीपी वाढवणारी औषधं वाढवत नेऊनही बीपी उचलत नसेल तर आम्ही दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन देतो, वडिलांच्या चार्टवर कदाचित दिसेल.

मग ट्रायग्लिसराइड का वाढतात? याचा शोध सशांवर लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी यांच्या प्रयोगशाळेत ट्रायपॅनोसोमा या परजीवीची लागण झालेले ससे अगदी खंगून गेले होते, पण त्यांच्या रक्तात चरबी इतकी की सीरम दुधासारखं दिसे. उपासमार झालेल्या प्राण्याच्या रक्तात चरबी वाढावी हे उलटंच होतं. कारण शोधता शोधता एक पदार्थ सापडला, जो चरबी पेशींत उतरवून घेणारं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम बंद पाडत होता. त्याला नाव दिलं कॅकेक्टिन. १९८५ मध्ये कळलं की कॅकेक्टिन आणि टीएनएफ एकच. त्या कामात असलेले ब्रूस ब्यूटलर यांना पुढे २०११ मध्ये नोबेल मिळालं, ते पेशी एंडोटॉक्सिन कशी ओळखतात या शोधासाठी. तर सेप्सिसमध्ये होतं असं: साठवलेली चरबी वितळून लिव्हरकडे येते, लिव्हर तिचे व्हीएलडीएल कण बनवून रक्तात सोडतं, पण ते उतरवून घेणारं एन्झाइम मंद पडलेलं असतं. मार्केट यार्डात ट्रकमागून ट्रक येताहेत आणि हमालांचा संप आहे, अशी गत. मधुमेह असेल आणि शुगर सुटलेली असेल तर ही अडवणूक आणखी वाढते, कारण हे एन्झाइम चालायला इन्सुलिनही लागतं.

तुमच्या वडिलांच्या ३१० मागे आणखी एक शक्यता आहे, आणि ती मी आधी तपासली असती. व्हेंटिलेटरवर असताना झोपेसाठी प्रोपोफॉल चालू होतं का? पांढरंशुभ्र, दुधासारखं दिसणारं इंजेक्शन, सिरिंज पंपात लावतात; तुम्ही भेटायला गेला असाल तेव्हा पाहिलंही असेल. ते दहा टक्के चरबीच्या द्रावणात बनवलेलं असतं. तासाला १५ मिलिलिटर वेगाने चालू असेल तर दिवसाला ३६० मिलिलिटर होतात, म्हणजे ३६ ग्रॅम चरबी आणि सुमारे ४०० कॅलरी. औषध म्हणून दिलेलं, पण शिरेतून गेलेलं तेलच ते. असा रुग्ण असेल तर आम्ही मधून मधून ट्रायग्लिसराइड बघतो आणि फार वाढले तर दुसऱ्या औषधावर जातो. शिरेतून चरबीचं पोषण चालू असेल तेव्हाही तेच. त्यात कोणी घाईत त्याच लाइनमधून रक्त काढलं तर रिपोर्ट बघायलाच नको. लॅबमधून फोन येतो, "सर, सँपल दुधाळ आहे, परत पाठवा." अशा सँपलवर सोडियमसुद्धा खोटं कमी येऊ शकतं, आणि त्या खोट्या सोडियमवर कोणी उपचार सुरू केले तर ते लिपिडच्या गोंधळापेक्षा महागात पडतं.

एलडीएल ११ वर तुम्ही दोन उद्गारचिन्हं टाकली आहेत. बहुतेक लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, वजाबाकी करून काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ८२ मधून ९ गेले, ३१० चा पाचवा भाग ६२ तोही गेला, उरले ११. तुमच्या रिपोर्टवरचा आकडा असाच आलेला आहे. आता हे सूत्र धडधाकट, उपाशीपोटी आलेल्या माणसांसाठी बनवलेलं आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते वापरूच नये असं ठरलेलं आहे, आणि एलडीएल खूप खाली असेल तेव्हा त्याआधीही ते चुकतं, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. शिवाय सेप्सिसमध्ये कणांची घडणच बदललेली असते, त्यामुळे पाचव्या भागाचा हिशेब तिथे बसत नाही. त्या दिवशी वडिलांचं एलडीएल कमी होतं हे नक्की. पण त्या ११ वर तुम्ही विसंबू नये. जुनं १२५ मात्र बऱ्यापैकी खरं आहे. आणि खरं सांगायचं तर मला काळजी त्या १२५ ची वाटते: स्टॅटिन घेत असलेल्या मधुमेही माणसात ते जास्त आहे. एक तर गोळी नियमित जात नव्हती, किंवा डोस पुरत नव्हता. काकांचा "गोळीने नको तितकं उतरवलं" हा मुद्दा इथेच पडतो. सहा महिन्यांपूर्वी, गोळी चालू असताना, काहीही जास्त उतरलेलं नव्हतं.

तरीही काकांच्या शंकेला नीट उत्तर द्यायला हवं, कारण ती अगदीच बिनबुडाची नाही. कमी कोलेस्टेरॉल असलेल्या लोकांमध्ये सेप्सिस जास्त दिसतो, हे निरीक्षण खरं आहे. कोपनहेगनमधल्या मोठ्या अभ्यासात एचडीएल फार कमी आणि फार जास्त, अशा दोन्ही टोकांच्या लोकांना इन्फेक्शनसाठी जास्त वेळा हॉस्पिटलात जावं लागल्याचं दिसलं. पण कमी कोलेस्टेरॉल ज्यांच्यात असतं ते बरेचदा आधीच आजारी असतात: लिव्हरचा आजार, कॅन्सर, कुपोषण, जुनाट टीबी. मग कोलेस्टेरॉल कमी म्हणून इन्फेक्शन झालं, की दोन्हींचं मूळ तिसरीकडेच आहे? हे सोडवायला अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये जनुकांचा आधार घेतला. जन्मतःच ज्यांची ठेवण एलडीएल कमी राखणारी आहे, त्यांना सेप्सिस जास्त होतो का? तसं दिसलं नाही. स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही गोळी घेणाऱ्यांत इन्फेक्शन वाढलेलं नव्हतं, कमीही झालेलं नव्हतं. वडिलांच्या बाबतीत संशयाचे खरे धनी मधुमेह आणि लघवीचा मार्ग आहेत. त्याकडे शेवटी येतो.

एचडीएल ९ हा अशुभ आकडा होता का, असंही तुम्ही विचारलंय. होता. २००५ मध्ये तैवानमधल्या डॉक्टरांनी दाखवलं की गंभीर सेप्सिसमध्ये पहिल्याच दिवशी एचडीएल २० च्या खाली असलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं, आणि त्यानंतर इतरांनाही साधारण तसंच दिसलं. पण रुग्ण समोर असताना मी हा आकडा फारसा बघत नाही, आणि त्याला कारण आहे. सेप्सिसची तीव्रता मोजायची आमची जी सोफा पट्टी आहे तिच्यात प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, ऑक्सिजन, बीपी आणि शुद्ध हे सहा घटक आहेत. लिपिड नाही. या सहांतलं काही बिघडलं तर मला लगेच काहीतरी करता येतं. लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणारा पदार्थ) वाढलं तर करता येतं, लघवी कमी झाली तर करता येतं. एचडीएल ९ आलं तर मी काय करणार? रुग्ण फार आजारी आहे हे मला तोपर्यंत पलंगापाशी उभं राहूनच कळलेलं असतं. तुमचे वडील त्यातून बाहेर आले. त्या आकड्याने जे सांगायचं होतं ते त्या आठवड्यापुरतं होतं.

जाता जाता एक: ट्रायग्लिसराइडवरून जंतू ग्रॅम निगेटिव्ह की पॉझिटिव्ह हे ओळखता येईल का, असाही प्रयत्न पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी झाला होता. ग्रॅम निगेटिव्हमध्ये ते जास्त वाढतात असं दिसलं होतं. रोजच्या कामात त्याचा उपयोग नाही. शुगर, प्रोपोफॉल, दारू, किडनी यांनी तो फरक केव्हाच पुसला जातो. जंतू ओळखायला कल्चरच लागतं, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी, दोन वेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त. आमच्याकडे रेफर होऊन येणाऱ्यांत हे निम्म्या वेळा झालेलं नसतं आणि मग आम्ही अंदाजाने औषधं चालवत बसतो. तुमच्या वडिलांचं कल्चर वेळेत गेलं, जंतू हाती लागला, हे त्यांचं नशीब.

मावशींच्या तुपाबद्दल. एचडीएल इतकं उपयोगी असेल तर ते बाहेरून का देऊ नये, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. ॲमस्टरडॅममध्ये १९९६ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना थोडं एंडोटॉक्सिन टोचलं आणि त्याआधी प्रयोगशाळेत बनवलेलं एचडीएल दिलं. त्यांच्यात थंडी-ताप आणि टीएनएफसारख्या पदार्थांची उसळी बरीच कमी झाली. सगळ्यांना आशा वाटली. मग एंडोटॉक्सिनला चिकटून राहील असं फॉस्फोलिपिडचं द्रावण बनवून ते खऱ्या ग्रॅम निगेटिव्ह सेप्सिसच्या रुग्णांना शिरेतून दिलं गेलं. २००९ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. हृदयरोगासाठी एचडीएल वाढवणारं टॉर्सेट्रॅपिब हे औषध तर पंधरा हजार रुग्णांच्या चाचणीत डिसेंबर २००६ मध्ये थांबवावं लागलं, कारण एचडीएल भरपूर वाढूनही औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. थेट शिरेतून देऊन जे साधलं नाही ते चमचाभर तुपाने साधणार नाही. मधुमेही माणसाने वरणभातावर अर्धा चमचा तूप घेतलं तर मी भांडत नाही. पण "ताकद भरून काढायला" म्हणून रोज वाटीत ओतू नका, त्याने वाढेल ते एलडीएल.

या घडीला वडिलांना हवी आहेत प्रथिनं. आयसीयूतल्या मुक्कामात मांड्या आणि खांदे किती उतरतात ते तुम्ही अंघोळ घालताना पाहिलं असेल. किडनी पूर्ववत झाली असेल तर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन, म्हणजे साठ किलोला सत्तर ते नव्वद ग्रॅम. दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर दही, पनीर किंवा मासे खात असतील तर ते, आणि तरी कमी पडतं, म्हणून काहींना प्रोटीन पावडर द्यावी लागते. क्रिएटिनिन अजून वर असेल तर हा हिशेब बदलतो. तो तुमच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या.

आता गोळी. सेप्सिसवर उपचार म्हणून नव्याने स्टॅटिन देऊन पाहण्याचे प्रयोग झाले. २०१४ च्या सुमाराच्या दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत रोझुवास्टॅटिन आणि दुसरीत सिमवास्टॅटिन, फुफ्फुसं निकामी झालेल्या रुग्णांना फायदा झाला नाही. म्हणून आम्ही नव्याने सुरू करत नाही. आधीपासून चालू असलेली गोळी हा वेगळा विषय. नळीतून औषध देता येत असेल, लिव्हर फार बिघडलेलं नसेल, सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं नसेल तर मी ती चालू ठेवतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एका चाचणीत आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ज्यांची चालू ठेवली त्यांचं जास्त बरं झाल्याचा इशारा होता. इशाराच, पुरावा नव्हे. पण लिव्हरची एन्झाइम तिपटीच्या वर गेली असतील, स्नायू दुखून सीपीके भडकलं असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरची काही औषधं, डॅप्टोमायसिन अशांपैकी काही चालू असेल तर थांबवणं योग्य. तुमच्या वडिलांची थांबवली त्यात मला चूक दिसत नाही. शॉकमध्ये लिव्हरला धक्का बसतोच. खटकलं ते पुढचं. गोळी थांबवली हे कार्डावर लिहिलं नाही आणि पुन्हा कधी सुरू करायची तेही नाही. आयसीयूतून वॉर्डात आणि वॉर्डातून घरी येताना औषधं अशी गळतात. कुठल्याही हॉस्पिटलात हे होतं, माझ्याही.

तेव्हा डॉक्टरांना भेटाल तेव्हा जुनं प्रिस्क्रिप्शन न्या आणि सरळ विचारा: "ही गोळी मुद्दाम बंद आहे की राहून गेली?" स्टेंट, हार्ट अॅटॅक किंवा पॅरालिसिसचा इतिहास असेल तर लिव्हरचा रिपोर्ट ठीक आल्याबरोबर ती सुरू व्हायला हवी, महिनोनमहिने थांबण्यात अर्थ नाही. नुसता मधुमेह म्हणून चालू असेल तर दोन-चार आठवडे इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही, पण सुरू व्हायलाच हवी. सेप्सिस किंवा मोठ्या न्यूमोनियातून उठलेल्या लोकांमध्ये हृदयविकार आणि पॅरालिसिसचा धोका नंतर बराच काळ वाढलेला राहतो, पहिल्या काही महिन्यांत जास्त. नेमक्या त्याच काळात ८२ चा कागद दाखवून गोळी बंद ठेवणं म्हणजे उलटा हिशेब.

लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, पण आता नको. घरी येऊन सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. तोवर सीआरपी उतरलेला असतो, भूक परतलेली असते, वजन सावरायला लागलेलं असतं. ट्रायग्लिसराइड आधी जाग्यावर येतात, एचडीएल सर्वांत शेवटी. ते आठव्या आठवड्यात ३० दिसलं तरी घाबरू नका, आणखी थोडा वेळ लागतो. पुढचा आकडा तुलनेला घ्याल तेव्हा जुन्या १९८, ४१, १६०, १२५ च्या शेजारी ठेवा. मधला ८२ चा कागद फाइलमध्ये राहू द्या, त्यावर "सेप्सिसमध्ये काढलेला" असं पेनने लिहा. दोन वर्षांनी नव्या डॉक्टरांसमोर तो निघाला की गैरसमज नको.

सेप्सिसमध्ये पूर्ण लिपिड पॅनेल पाठवावं का, असं मला कोणी विचारलं तर मी नाही म्हणतो. पुष्कळदा ते पाठवलं जातं कारण फॉर्मवर एका चौकटीत बरोबरची खूण केली की सगळंच जातं. एकट्या ट्रायग्लिसराइडला मात्र जागा आहे. प्रोपोफॉलचं सांगितलंच. हजाराच्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. आणि तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. योग्य अँटिबायोटिक चालू असूनही ताप हटत नाही, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही घसरताहेत, प्लीहा हाताला लागते, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) हजारांत आहे, आणि ट्रायग्लिसराइड २६५ च्या वर. अशा वेळी शरीराच्या पेशी स्वतःच्याच रक्तपेशी खाऊ लागल्या आहेत का, म्हणजे एचएलएच नावाचा प्रकार आहे का, हे बघावं लागतं, कारण त्याचे उपचार वेगळे आणि घाईचे असतात. स्क्रब टायफस, डेंग्यू, टीबी यांच्या मागून तो येतो. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची साथ आली तेव्हापासून पावसाळ्यातल्या हट्टी तापात आम्ही याची आठवण ठेवतो. तुमच्या वडिलांचे ३१० तेवढ्यावरून घाबरण्यासारखे नाहीत. ते अँटिबायोटिकने सुधारले, ताप उतरला, घरी आले. एचएलएचचं चित्र असं नसतं.

आणि आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. ६४ वर्षांच्या मधुमेही पुरुषाच्या लघवीतून जंतू रक्तात का गेले? प्रोस्टेट वाढलंय का, लघवी करून झाल्यावर पिशवीत किती उरते, कुठे खडा अडकलाय का, हे सोनोग्राफीत बघून घ्या. अॅडमिट असताना झाली असेल तर तिचा रिपोर्ट नीट वाचून घ्या, कारण घाईत काढलेल्या सोनोग्राफीत लघवीनंतर उरलेलं पाणी बरेचदा मोजलेलंच नसतं. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती आहे? शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू होती का? ही औषधं लघवीतून साखर बाहेर टाकतात. चांगली आहेत, मीही भरपूर देतो, पण अशा आजारानंतर ती पुन्हा सुरू करायची की नाही हा निर्णय डॉक्टरांनी विचार करून घ्यायला हवा. आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली किंवा वडील असंबद्ध बोलायला लागले, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीच घेऊन जा, आणि पहिलं इंजेक्शन देण्याआधी कल्चर घेतलं का ते विचारा.